जाता जाता राजधानी

परदेशी राजधानी बघायची एक पद्धत आता ठरून गेली आहे. पहिल्या दिवशी मुख्य चौक, दुसऱ्या दिवशी म्युझियम आणि तिसऱ्या दिवशी 'जिथे फक्त स्थानिक लोक जेवतात' अशा ठिकाणी जेवण. तिथे सगळ्या टेबलांवर पर्यटकच बसलेले असतात ही गोष्ट वेगळी. माझी भाची नुकतीच ब्युनोस आयर्सला जाऊन आली. अर्जेंटिनाची ती राजधानी तिने ला बोकाच्या रंगीबेरंगी पत्र्याच्या घरांपासून रेकोलेटाच्या दफनभूमीपर्यंत पायी पालथी घातली आणि घरच्या ग्रुपवर इतके फोटो टाकले की दोन मावश्यांचे फोन बंद पडले. वर मला उपदेश केला, "मामा, राजधानी बघायची तर मोहल्ल्या-मोहल्ल्यातून चालत बघायची." दक्षिण अमेरिकेचं तिकीट महाग होतं, उपदेश फुकट होता. तो मी बऱ्हाणपूरला वापरला. भुसावळहून गाडीत बसलं की तासाभरात राजधानी येते.

कोणाची राजधानी, असं विचाराल तर सुरुवात फारुखी सुलतानांपासून करावी लागते. नसीर खान फारुखीने १४०० च्या सुमारास तापीच्या उत्तर काठावर हे शहर वसवलं आणि पुढची दोनशे वर्षं त्याच्या घराण्याने इथून खानदेशावर राज्य केलं. १६०१ मध्ये असीरगड पडला, अकबराने खानदेश घेतला आणि बऱ्हाणपूर मुघलांचं दख्खनमधलं ठाणं झालं. शहाजहान तर दख्खनच्या मोहिमेसाठी अख्खा दरबार घेऊन इथे येऊन बसला होता. तेव्हा हिंदुस्थानचा कारभार तापीच्या काठावरून चालला. आज हे मध्य प्रदेशातलं जिल्ह्याचं गाव आहे, आणि तेही २००३ च्या १५ ऑगस्टपासून. त्याआधी ते खंडव्याच्या जिल्ह्यात होतं. म्हणजे बादशहाने ज्याला डोक्यावर घेतलं त्या शहराने स्वतःचा कलेक्टर मिळवायला एकविसावं शतक उजाडू दिलं. पण गावाची ऐट गेलेली नाही. निवृत्त साहेबाच्या टेबलावर शिपायाला बोलवायची घंटा तशीच असते आणि तो ती अधूनमधून वाजवतो, तसं हे शहर आहे.

माझे मावसाजी इथलेच. शिक्षक म्हणून निवृत्त झाले ते शाळेतून, शिकवण्यातून नाही. बऱ्हाणपूरची मराठी मंडळी बोलतात मराठीच, पण वाक्य अर्ध्यात आलं की रावेरची हद्द ओलांडून हिंदीत जातात. "पहिले चाय घे, मग निकलू. पैदलच जाऊ. रिक्षात बसला तर तो रिक्षावाला तुला ताजमहाल सांगून राहील आणि मला बोलायला जागा उरणार नाही."

सुरुवात राजघाटावरून झाली. बादशाही किल्ला नदीला खेटून उभा आहे आणि त्याच्या सावलीतून दगडी पायऱ्या तापीत उतरतात. तापी म्हणजे सूर्याची मुलगी, आषाढ शुद्ध सप्तमीला तिची जयंती. पात्रात दगडात कोरलेला एक हत्ती आहे. बाहेरगावचा माणूस त्याचा फोटो काढतो, गावचा माणूस त्याच्यावरून पाऊस मोजतो. मावसाजींची मापं त्यांच्या नोकरीतून आलेली आहेत. हत्तीचे पाय बुडाले तर उशिरा आलेल्या पोरांना माफी, पोट बुडालं तर अर्धी सुट्टी, आणि हत्ती दिसेनासा झाला की मास्तरही घरी. घाटावर एक गृहस्थ डोक्याला साबण लावून, डोळे मिटून, शेजारच्याशी कुठल्या सालचा पूर मोठा यावर वाद घालत होते. साबण डोळ्यांत गेला तरी मुद्दा सोडला नाही. शेवटी शेजाऱ्यानेच त्यांच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि स्वच्छ झालेल्या माणसाशी पुन्हा भांडण सुरू केलं. पोरं वरच्या पायरीवरून नदीत उड्या टाकत होती. त्यांना इतिहासाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यामुळे घाटावर सगळ्यात मजेत तीच होती.

घाटावरून पलीकडे बोट दाखवलं की ते जैनाबाद. आणि जैनाबाद दाखवलं की ताजमहाल येतो, त्यातून सुटका नाही. मुमताज महल इथे बऱ्हाणपुरात गेली. १७ जून १६३१, चौदावं बाळंतपण. मुलगी वाचली, तिचं नाव गौहर आरा. मुमताजला नदीपलीकडे आहुखान्याच्या बागेत दफन केलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात शहजादा शुजा तिला आग्र्याला घेऊन गेला. इथवर इतिहास. पुढचं बऱ्हाणपूर सांगतं. ताजमहाल इथेच व्हायचा होता! का झाला नाही? चहावाल्याच्या मते इथल्या मातीत वाळवी फार. न्हाव्याच्या मते मकराण्याचा संगमरवर आणायला लांब पडला असता. मावसाजींच्या मते तापीत ताजचं प्रतिबिंब नीट पडलं नसतं. एकच कारण खरं असतं तर तीन लागली नसती, पण हे बोलायची सोय नाही. या गावात ताजमहालाबद्दल शंका घेणं म्हणजे लग्नघरी जाऊन हुंड्याची चौकशी करण्यापैकी आहे.

मी विषय बदलावा म्हणून त्यांना भाचीने धाडलेला रेकोलेटाचा फोटो दाखवला आणि एवा पेरोनची हकीकत सांगितली. अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षांची ही लाडकी बायको १९५२ मध्ये वारली. नवऱ्याची सत्ता गेल्यावर लष्कराने तिचा देह गुपचूप हलवला, इटलीत मिलानला खोट्या नावाने पुरला, तिथून तो माद्रिदला नवऱ्याकडे गेला, १९७४ मध्ये मायदेशी आला आणि १९७६ मध्ये रेकोलेटात विसावला. आता तिथे जगभरचे लोक रांग लावतात. मावसाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे त्यांनी परत तर आणलं ना! आमच्याकडून जो गेला तो गेलाच."

हे मात्र खोटं नाही. बऱ्हाणपूरची खरी तक्रार हीच आहे आणि तिला पुराव्यांची कमतरता नाही. ज्या बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने शहर वसलं, ते सूफी संत खुलताबादला. शहजादा खुसरो १६२२ मध्ये इथे कैदेत मेला, त्याची कबर अलाहाबादच्या खुसरो बागेत. हैदराबादच्या निजामांचा मूळपुरुष, पहिला असफजाह, १७४८ च्या जूनमध्ये इथे वारला आणि पुरला गेला खुलताबादला, तोही बुऱ्हानुद्दीनांच्याच दर्ग्यात. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये बहादूरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत जाताना इथे थांबले, बडा गुरुद्वारा त्याची आठवण म्हणून आहे, पण जगाला ठाऊक आहे ते नांदेड. दख्खनचा सुभेदार असताना खुद्द औरंगजेब जैनाबादच्या बागेत आंबा तोडायला उडी मारणाऱ्या हीराबाईला बघून बेशुद्ध पडला, असं मुघल चरित्रकारच लिहून गेले आहेत. औरंगजेबाच्या नावावर आयुष्यात एकच फिल्मी प्रसंग आहे आणि तो बऱ्हाणपुरात घडला. तर तिचीही कबर औरंगाबादला! नाव लागतं दुसऱ्या गावाला आणि किस्सा राहतो इथे.

किल्ल्यात शिरलो. वरचे मजले ढासळले आहेत, पण शाही हमाम टिकून आहे. छतावरची रंगीत नक्षी अजून ओळखू येते आणि तिच्यातल्या एका चित्रात गाईड ताजमहाल दाखवतो. ताज बांधायच्या आधीच तो हमामाच्या छतावर काढून ठेवला होता, असं त्याचं म्हणणं. मान वर करून करून शेवटी आपल्यालाही तो दिसतो. मान मोकळी व्हावी म्हणून 'हो' म्हणणं श्रेयस्कर.

या किल्ल्यात नेमणूक होणं हा मुघल शहजाद्यांच्या दृष्टीने सन्मान होता की शिक्षा, हे कळत नाही. अकबराचा मुलगा दानियाल इथला सुभेदार. बापाने कौतुकाने खानदेशाचं नाव 'दानदेश' ठेवलं. पोराला दारूचं व्यसन, म्हणून पहारे बसवले, तर नोकरांनी बंदुकीच्या नळीतून दारू आत पोचवली. नळीतला गंज आणि ती दारू मिळून १६०५ च्या सुमारास त्याचा शेवट झाला. हे जहांगीराने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, आणि या विषयातला त्याचा अधिकार वादातीत होता. पुढे जहांगीराचा मुलगा परवेझ इथे आला. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरला जाताना त्याच्या दरबारात हजर झाला. राहायला ज्या खोल्या मिळाल्या त्या पाव भाजायच्या भट्टीएवढ्या होत्या, अशी तक्रार रोने लिहून ठेवली आहे. बिचारा स्वतःच्या तंबूत झोपला. दरबारात त्याने खुर्ची मागितली. इथे कोणी बसत नाही, फार तर त्या चांदीच्या खांबाला टेका, असं उत्तर मिळालं. नजराण्यात त्याने दारूच्या बाटल्यांची पेटी दिली होती. शहजाद्याने खासगीत भेटीचं वचन दिलं, पण भेटीच्या आधी पेटी उघडली. भेट राहिली ती राहिलीच. ब्रिटिश साम्राज्याच्या भारतातल्या अगदी सुरुवातीच्या वाटाघाटी अशा रीतीने बऱ्हाणपूरच्या हवेत विरून गेल्या. परवेझही १६२६ मध्ये दारूपायीच गेला आणि इथेच गेला.

मोहल्ले मात्र मोकळ्या हवेतले आहेत. इतवारा, बुधवारा, शनवारा अशी नावं ऐकून पुण्याच्या माणसाला भरून येतं. मी मावसाजींना म्हटलं, "आमच्या पुण्यातही अशाच पेठा आहेत." ते म्हणाले, "असतील. पण आमच्याकडे आठवडा आधी सुरू झाला." लोहार मंडी, सिंधीपुरा, राजपुरा, दाऊदपुरा अशी पुऱ्यांची रांगच लागते. रस्ता विचारला की आधी इतिहास मिळतो आणि मग दिशा, कधी नुसताच इतिहास. ज्या गल्ल्यांत यंत्रमाग आहेत तिथे तेही मिळत नाही, कारण खटखटाटात कोणाला काही ऐकू येत नाही. तिथली माणसं हाताच्या खुणांनी चहा मागवतात, भाव करतात आणि भांडतातही. भांडण इतकं मूक मी प्रथमच पाहिलं. टाव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात दोनदा इथे आला आणि इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जातं असं लिहून गेला. आता पोलंडला जात नाही. तरी खटखट चालू आहे.

गांधी चौकात जामा मशीद आहे. राजा अली खान फारुखीने ती १५९० च्या आसपास पुरी केली आणि आत भिंतीवर अरबीबरोबर चक्क संस्कृतात शिलालेख कोरवला. त्यात फारुखी राजांची वंशावळ आणि तिथी, वार, नक्षत्रासकट मुहूर्त दिला आहे. आमचे मावसाजी संस्कृतचे मास्तर. मशिदीत उभं राहून त्यांनी मला विभक्ती विचारली. तिथेही सुटका झाली नाही. दोनशे वर्षं ज्यांनी इथे संसार केला त्या फारुखींचं नाव गावात या लेखाबाहेर फारसं ऐकू येत नाही. जे पाहुणे म्हणून आले, त्यांचेच किस्से रिक्षावाल्यांना पाठ. घर बांधणाऱ्यापेक्षा पाहुण्याचं कौतुक जास्त असतं, हे आपल्यालाही नवीन नाही.

आता मराठी माणूस म्हणून एक विषय टाळता येत नाही. आपल्या लोकांची इथली पहिली मोठी फेरी १६८१ च्या जानेवारीअखेरची. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन पंधरवडा उलटत होता. हंबीरराव मोहिते फौज घेऊन आले आणि त्यांनी तटाबाहेरची पुरं, त्यात सगळ्यात श्रीमंत बहादूरपुरा, लुटली. मुघल इतिहासकाराने अशा सतरा पुऱ्यांचा आकडा दिला आहे. मोहल्ल्या-मोहल्ल्यातून फिरत राजधानी बघायची माझ्या भाचीची पद्धत इतक्या मनापासून त्याआधी कोणी वापरली नसेल. तटाच्या आतली प्रेक्षणीय स्थळं तेवढी बघायची राहिली. ती पुढे पेशव्यांनी १७६० मध्ये उदगीरच्या तहात रीतसर कागदावर मिळवली. मावसाजी हा प्रसंग सांगताना 'आपण लुटलं' म्हणतात की 'आम्हाला लुटलं', याकडे मी लक्ष ठेवून होतो. फौज बऱ्हाणपूरच्या बाहेर असेपर्यंत ते मराठा होते. पुऱ्यात शिरल्याबरोबर बऱ्हाणपूरकर झाले.

मोहना आणि तापीच्या संगमावर राजाची छत्री आहे. हा राजा म्हणजे मिर्झाराजे जयसिंग. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांकडून तेवीस किल्ले घेणारा हा सेनापती विजापुरापुढे हात टेकून परत निघाला आणि १६६७ च्या ऑगस्टमध्ये बऱ्हाणपुरात वारला. तोही जाता जाताच. तेवीस किल्ले मिळवणाऱ्या माणसाच्या वाट्याला शेवटी खांबांवर उभी एक छत्री आली. भिंती नाहीत, दार नाही, लुटण्यासारखं काही नाही. वारा मात्र छान येतो.

या सगळ्या ये-जा करणाऱ्यांत एकाने गावासाठी काही केलं. अब्दुल रहीम खान-ए-खानान, हो, दोहे लिहिणारा तोच, इथे सुभेदार असताना १६१५ च्या सुमारास तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाच्या मदतीने पाण्याची योजना झाली. सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून झिरपत जाणारं पाणी वाटेत अडवायचं, बोगद्यात घ्यायचं आणि नुसत्या उतारावर शहरात आणायचं. अशा आठ योजना होत्या. त्यातला कुंडी भंडारा, म्हणजे खूनी भंडारा, अजून वाहता आहे. वरून पाहिलं तर शेताडीत एका रांगेत उभ्या शंभरावर विहिरींची तोंडं दिसतात. एका कुंडीतून लिफ्टने खाली उतरायची सोय केलेली आहे. सुमारे ऐंशी फूट खाली उतरलो. वरची धग मागे राहिली, पाय गुडघाभर गार पाण्यात गेले. भिंतींवर चुन्याची पांढरी पुटं साचलेली, पुढच्या कुंडीतून उजेडाचं एक गोल चकतं पाण्यावर पडलेलं, त्याच्या पुढे आणखी एक, त्याच्या पुढे आणखी. तळ दिसावा इतकं स्वच्छ पाणी, आणि कुठेही पंप नाही, मोटर नाही. मावसाजी वरूनच ओरडले, "चारशे सालात लाईट गेली म्हणून पाणी आलं नाही, असं एकदाही झालं नाही!" २०२४ च्या मार्चमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत हे नाव गेलं. संभाव्य यादी म्हणजे वेटिंग लिस्ट. पण बऱ्हाणपूरच्या माणसाला भुसावळ मार्गावर प्रवास करून वेटिंगची सवय आहे.

भूक लागल्यावर मावा जिलबी. मैद्याची कुरकुरीत, नाजूक जिलबी डोळ्यांपुढे आणू नका. माव्याचं घट्ट पीठ फडक्यात भरून कारागीर ते भोकातून कढईत पिळतो, जाडजूड वेटोळं तुपात काळसर तपकिरी होईपर्यंत उलटत-पालटत राहतो आणि मग पाकात लोटतो. ती पाकातून निघाली की द्रोणात वजनाने बसते, मांडी घालून. एक खाल्ली की माणूस गप्प होतो, दुसरीनंतर तत्त्वज्ञान सुचतं, तिसरी मागणाऱ्याकडे हलवाई आदराने पाहतो. शेजारी एक जण मांड्याची पारी हातावर झुलवत, कोपरापर्यंत ओघळेल इतकी पातळ करून उलट्या कढईवर टाकत होता. पण इथेही गावाचं दुर्दैव आडवं आलं. मी म्हटलं, "मावसाजी, ही जिलबी तर मी मुंबईत मोहम्मद अली रोडवर रमजानमध्ये खाल्ली आहे." त्यांनी द्रोण खाली ठेवला. "हेही नेलं," म्हणाले.

नेलं, पण संपवता आलं नाही. मला वाटतं, या राजधानीत बघण्यासारखं जे आहे ते याच रीतीने उरलेलं आहे. बादशहांनी स्वतःसाठी जे केलं ते त्यांच्याबरोबर गेलं किंवा पडलं. गावासाठी जे झालं, पाणी, माग आणि कढई, ते कोणाला उचलून नेता आलं नाही. राजधानीचा दर्जा तेवढा गेला, आणि तो बऱ्हाणपूरला कधी पुरा पचलाही नव्हता. राज्यकर्ता आला की त्याची नजर दक्षिणेकडे, नोकरांची नजर घराकडे आणि पालख्या कायम बांधलेल्या.

फारुखी सोडले तर इथे कोणीच मुक्कामाच्या बेताने आला नाही, असं मी निरोप घेताना म्हणालो. मावसाजींना ते लागलं. "असं कसं? असीरगड राहिला ना तुझा. तिथे अश्वत्थामा आहे. रोज पहाटे गडावरच्या महादेवाला फूल वाहून जातो, लोक सांगतात. कपाळाची जखम भरलेली नाही, कोणी भेटलं तर तेल-हळद मागतो."

"म्हणजे हा एक कायमचा रहिवासी."

"कायमचाच. पाच हजार साल झाले." मग थोडा विचार करून, शिक्षकी प्रामाणिकपणाने ते पुढे म्हणाले, "आता त्याला श्राप आहे म्हणून राहिला, ती गोष्ट अलग. पण राहिला ना!"